कुटुंबप्रमुखाच्या रकान्यापलीकडे

पाथर्डी तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या घरातली कागदपत्रे समोर मांडली, तर एकाच कुटुंबाची तीन वेगळी चित्रे दिसतात. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे नाव असते, कारण २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तसे ठरवून दिले आहे. सातबारावर सासरा, नवरा, दीर यांची नावे असतात. लग्न होऊन गेलेल्या नणंदा सापडल्याच तर ‘इतर हक्क’ या रकान्यात सापडतात. ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीत मात्र नवरा-बायकोची मिळून एकच नोंद असते: एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवरा घेतो, सही त्याची असते आणि ती फेडायला हात मात्र चार लागतात. या घराचा कर्ता कोण, असा प्रश्न घेऊन गेलेल्या अभ्यासकाला कागदांकडून तीन उत्तरे मिळतात आणि चुलीपुढे बसलेल्या बाईकडून चौथे.

ते चौथे उत्तर मिळवण्याचा प्रयत्न म्हणजे हा संग्रह. अहमदनगर, आता अहिल्यानगर, या जिल्ह्यातल्या स्त्रिया, इथली कुटुंबे आणि त्यांच्यात घडणारे बदल हा त्याचा विषय. लेखक बहुतांशी याच जिल्ह्यात वाढलेले, इथल्याच महाविद्यालयांत शिकलेले तरुण अभ्यासक आहेत. हा विषय नव्याने हाती घेणाऱ्या वाचकाला तो कुठून आला, कोणत्या वाटांनी वाढला आणि आज कुठे येऊन उभा आहे, याची ओळख करून देणे हे या प्रस्तावनेचे काम.

आधी जिल्ह्याविषयी. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा धुवाधार पाऊस आणि महादेव कोळी, ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी उत्तरेकडच्या तालुक्यांत गेले आणि तिथे ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला तो १९५० च्या सुमारास, याच पट्ट्यात. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हे अवर्षणाचे तालुके. दसरा-दिवाळी उरकली की इथली घरे कुलूपबंद होतात आणि माणसे ऊसतोडीला जातात. उसाच्या फडाचा मालक आणि तो फड तोडणारी बाई एकाच जिल्ह्यात राहतात, हे नगरचे वैशिष्ट्य. पाणी, जमीन आणि घर यांचा परस्परसंबंध समजून घ्यायला याहून चांगली जागा मिळणे कठीण.

या विषयाची सुरुवात समाजशास्त्राच्या कितीतरी आधी झाली आणि तिचा एक धागा नगरमध्येच आहे. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या शिक्षिका १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी इथे मुलींच्या शिक्षणाचे काम केले. नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते आणि सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरहूनच निघू लागले. पुढे १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून घरातल्या सत्तेवर थेट बोट ठेवले आणि १८८७ मध्ये पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती इंग्रजीतून जगापुढे मांडली. या बायकांकडे पदव्या नव्हत्या. तरीही कुटुंब ही सत्तेची व्यवस्था आहे, हे ज्या स्पष्टपणे त्यांना दिसले, तेवढ्या स्पष्टपणे ते पुढे विद्यापीठांना दिसायला शंभर वर्षे जावी लागली.

याच ओळीत लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घ्यायला हवे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग परत आल्या आणि पुढे राहुरीत स्वतःही ख्रिस्ती झाल्या. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आपण साहित्य म्हणून वाचतो. कुटुंबाच्या अभ्यासकाने ती आणखी एका कारणासाठी वाचावीत. धर्म बदलला की सोयरे कसे तुटतात, सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई ते कसे एकेक करून सोडते, नवऱ्याच्या निर्णयामागून जाता जाता तिचा स्वतःचा निर्णय कुठे सुरू होतो, हे तिथे आतून सांगितलेले आहे. कोणत्याही प्रश्नावलीला एवढे हाती लागत नाही.

विसाव्या शतकात या विषयाला शास्त्राची बैठक मिळू लागली. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली अभ्यासकांची पिढी तयार झाली. त्याआधीच, १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात असल्याचे दाखवले होते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या जात टिकवण्याच्या युक्त्या आहेत, ही त्यांची मांडणी. जातीचा अभ्यास आणि स्त्रीचा अभ्यास हे एकाच प्रश्नाचे दोन भाग ठरतात, असे सांगणारा हा निबंध समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात मात्र फार उशिरा पोहोचला.

घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांची वाटचाल मला या विषयाची गुरुकिल्ली वाटते. त्या बर्लिनला गेल्या त्या मानवमितीसाठी. कवट्यांच्या मोजमापांतून युरोपीयांचे श्रेष्ठत्व सिद्ध व्हावे, अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांनी तिला दुजोरा दिला नाही आणि त्यांनी निष्कर्ष तसाच लिहिला. परतल्यावर १९३९ पासून डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांचे लक्ष हाडांवरून नात्यांकडे वळले. गावोगाव फिरून त्यांनी नात्यांचे शब्द आणि लग्नाचे नियम गोळा केले. १९५३ मध्ये आलेल्या त्यांच्या नातेव्यवस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथाने भारताचे नातेसंबंधांचे प्रदेश पाडून दाखवले. उत्तरेत मुलगी परक्या गावी, परक्या घरात जाते. दक्षिणेत ती बरेचदा नात्यातच दिली जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, त्यामुळे सुनेची सासू तिची आत्याच असू शकते. हे वरवर किरकोळ वाटते. पण नवऱ्याने मारले तर सून कोणाकडे दाद मागेल, हे अशाच गोष्टींवर ठरते.

एकत्र कुटुंबाच्या त्यांनी सांगितलेल्या खुणा आजही विद्यार्थी पाठ करतात: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि रक्ताचे नाते. आय. पी. देसाई यांनी गुजरातच्या अनुभवावरून यावर हरकत घेतली. माणसे वेगळी राहिली, वेगळे शिजवू लागली, तरी मालमत्ता आणि कर्तव्ये एकत्र असू शकतात, असे त्यांचे म्हणणे. अ. म. शहा यांनी १९७३ मध्ये ‘घर’ आणि ‘कुटुंब’ यांची मोजणी वेगवेगळी करायला हवी, असा आग्रह धरला. हा वाद पाथर्डीच्या घराला लावून पाहा. जोडपे सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत. शाळेतली मुले गावात आजी-आजोबांजवळ. जमीन सगळ्यांची एक. उचल फक्त जोडप्याच्या डोक्यावर. चुली दोन आणि सातबारा एक. हे एक कुटुंब की दोन? इथे व्याख्या अपुरी पडते, आणि जिथे व्याख्या अपुरी पडते तिथूनच नवा अभ्यास सुरू होतो.

सत्तरच्या दशकाने प्रश्नच पालटला. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला आणि रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडायला, माती वाहायला बायका मोठ्या संख्येने आल्या. जी बाई आजवर ‘घरीच असते’ म्हणून नोंदली जात होती, ती हजेरीपटावर दिसू लागली. १९७४ मध्ये भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीचा ‘समतेकडे’ हा राष्ट्रीय समितीचा अहवाल आला. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची प्रगतीच झाली असणार, या समजुतीला त्याने आकडेवारीनिशी धक्का दिला. त्याच वर्षी नीरा देसाई यांनी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात स्त्रीविषयक संशोधनाचा विभाग सुरू केला. १९८१ मध्ये तिथेच स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. स्त्री हा कुटुंबशास्त्रातला एक धडा राहिला नाही. सगळ्या समाजशास्त्राकडे तिच्या बाजूने पाहायचे, ही भूमिका पुढे आली.

या टप्प्यावर लीला दुबे यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. मराठी घरात जन्मलेल्या लीलाबाईंनी गोंड स्त्रियांच्या अभ्यासापासून सुरुवात केली. पुढे लक्षद्वीपच्या मातृवंशीय मुस्लिमांमध्ये काम केल्यावर, वंश आणि मालमत्ता आईकडून चालली की बाईचे उठणे-बसणे कसे बदलते, हे त्यांनी पाहिले. पुरुष बीज आणि स्त्री क्षेत्र, ही आपल्याकडची जुनी कल्पना त्यांनी उलगडून दाखवली. पीक ज्याचे बीज त्याचे. जमीन फक्त उगवून देणार. मूल, मालमत्ता आणि श्रम यांवरच्या पुरुषाच्या हक्काला ही कल्पना नैसर्गिकतेचा मुलामा देते.

लीलाबाईंनी १९८३ मध्ये दिलेला एक इशारा नगरच्या वाचकाने विसरू नये. गर्भलिंगनिदानासाठीच्या गर्भजलपरीक्षेचा वाद पेटला असताना काही विद्वान म्हणत होते की, मुली कमी झाल्या की मागणी-पुरवठ्याच्या न्यायाने त्यांची किंमत वाढेल. लीलाबाईंनी ठामपणे सांगितले की, तसे होणार नाही. टंचाईने बाईवरचा ताबा आणि तिच्यावरची हिंसा वाढेल. २०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८५२ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ८८४ होत्या. त्याच २०११ मध्ये दूरच्या, गरीब गडचिरोलीत त्या ९६१ होत्या. पाणी आले, ऊस आला, कारखाने आले, दवाखाने आले आणि मुली घटल्या. आज गावोगाव लग्नाळू मुलांचा प्रश्न चर्चेत आहे. शेजारच्या सोलापुरात २०२२ च्या डिसेंबरात तरुणांनी नवरदेवाच्या वेशात मोर्चा काढला. मध्यस्थांना पैसे देऊन लांबून मुली आणल्या जातात. मुलीची ‘किंमत’ अशी वाढली आहे, आणि ती मुलीच्या हातात पडत नाही.

नव्वदच्या दशकात आणखी एक वळण आले. पुण्यात विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात विद्युत भागवत आणि शर्मिला रेगे यांनी मराठी परंपरेतली साधने स्त्रीच्या नजरेने वाचायला सुरुवात केली. शर्मिलाताईंनी लावणी-तमाशाचा अभ्यास करताना दाखवले की, कोणत्या बाईचे शरीर जाहीर आणि कोणत्या बाईचे घरंदाज, हे जात ठरवते. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या तमाशा कलावंत पवळेच्या आणि जामखेडच्या कलाकेंद्रांच्या जिल्ह्याला हे नव्याने सांगायची गरज नाही. पण ते अभ्यासात यायला हवे होते. १९९८ मधल्या त्यांच्या लेखाने दलित स्त्रियांच्या अनुभवाच्या जागेवरून सिद्धान्त रचावा, असा आग्रह धरला. त्याआधी १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास त्यांच्याच तोंडून ऐकून नोंदवला होता.

हा आग्रह नगरमध्ये टाळता येणार नाही. सोनई, खर्डा, कोपर्डी ही तीन गावे २०१३ ते २०१६ या काळात देशभर पोहोचली. पहिल्या दोन ठिकाणच्या हत्यांच्या खटल्यांच्या मुळाशी वरच्या जातीतल्या मुलीशी दलित तरुणाचे संबंध असल्याची गोष्ट होती. तिसऱ्या ठिकाणी शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा जीव गेला. तिन्ही प्रकरणे वेगळी, न्यायालयीन निकालही वेगळे. पण मुलीचे शरीर ही जातीची हद्द मानली जाते, हे तिन्ही वेळी उसळलेल्या प्रतिक्रियांतून दिसले. आंबेडकरांचा १९१६ चा निबंध ज्याला जुना वाटतो, त्याने या गावांतल्या मुलींची शाळा कोणत्या वर्षी सुटते आणि लग्न कोणत्या वर्षी होते, हे विचारून पाहावे.

एवढा प्रवास पाहिल्यावर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या सर्व विदुषींचे मूळ प्रश्न समोरच्या बायकांनी बदलायला लावले. कवट्यांकडून नात्यांकडे, नात्यांकडून सत्तेकडे, सत्तेकडून जातीकडे, असा हा विषय पुढे सरकत गेला. या संग्रहाच्या मते पुढचा प्रश्न मोबदल्याचा आहे. कुटुंब स्त्रीकडून काय घेते, तिला काय देते, आणि हा व्यवहार कोणाच्या नावावर लिहिला जातो?

याचे एक उदाहरण जवळून पाहू. वडील वारले की तलाठ्याकडे वारसनोंद होते. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, त्यामुळे बहिणींची नावे लागतात. मग भाऊ निरोप धाडतो. बहीण येते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करते, साडी-चोळी घेऊन परत जाते. तिला कायदा कळत नाही, असे आपण समजतो. तिला विचारले तर ती सांगते, ‘जमीन घेतली तर माहेर तुटेल.’ पंचमीला न्यायला कोण येईल, बाळंतपण कोण करील, उद्या सासरी नांदणे अवघड झाले तर पाठ टेकायला दार कोणाचे, याचा तिने हिशेब केलेला असतो. ती जमीन देऊन माहेर विकत घेते. हा व्यवहार तिला का करावा लागतो, हे समजले की कायदा कागदावर का राहतो तेही समजते.

कोयत्याचा हिशेबही असाच. फडात नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. पहाटेची भाकरी आणि रात्रीचे पाणी तिच्याकडेच. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो, म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकायची घाई होते आणि मुलगी शाळेतून निघते. बालविवाह ही अडाणी रूढी म्हणून शिकवली जाते. इथे ती मजुरीच्या पद्धतीचा भाग झाली आहे. प्रबोधनाची भाषणे तिथे कमी पडतात. मजुरी माणशी मोजली आणि बाईच्या खात्यावर दिली, तर त्या घाईचे एक कारण तरी कमी होईल.

बदल कुठून येतो, याची उत्तरेही याच जिल्ह्यात आहेत. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केले आणि गावांनी निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि कितीतरी दलित असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जिच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्या हाती बाळंतीण सोपवायची वेळ आली आणि गावाने ती सोपवली. अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचे नाव आले. बीज पुरुषाचे मानणाऱ्या समाजात बियाण्याची राखण बाईनेच केली होती, हे त्यांच्यामुळे सर्वांना दिसले. या बायकांना घराबाहेर स्वतःच्या नावाचे काम मिळाले, ज्ञान मिळाले, आणि त्यानंतर घरातले त्यांचे स्थान हलले. नुसती समृद्धी हे करत नाही, हे ८५२ या आकड्याने आपल्याला सांगितलेच आहे.

आज हा विषय तातडीचा झाला आहे. ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. २०१६ च्या गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळाला. २०२४ पासून शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लागू लागले आणि त्याच वर्षी लाडक्या बहिणीच्या नावाने दरमहा पंधराशे रुपये थेट बाईच्या खात्यावर जमा होऊ लागले. रकाने बदलत आहेत. रकान्यामागचे घर किती बदलले, हे कोणी तपासायचे? खात्यावरचे पैसे कोण काढून आणते, सरपंचबाईच्या खुर्चीशेजारी कोण बसते, हे दुरून कळत नाही. ते त्या घरात जाऊन, बाईला सवड असेल त्या वेळी, तिच्या सोयीने बसूनच कळते.

या संग्रहाने तेच केले आहे. यातील लेख एकाच विचारसरणीचे नाहीत. कोणी नात्यांच्या रचनेकडून येतो, कोणी श्रमाकडून, कोणी जातीकडून. बागायती घर, जिरायती घर आणि आदिवासी वाडी यांना एकाच मापाने मोजायचे नाही, हा सर्वांचा समान नियम. जिथे पुरुषाने बायकोच्या वतीने उत्तर दिले, ते उत्तर पुरुषाचे म्हणूनच नोंदले आहे. हे साधे पथ्य पाळले गेले असते तर आपल्या कितीतरी सर्वेक्षणांचे निष्कर्ष वेगळे आले असते. शहरात जाऊन स्थिरावलेल्या कुटुंबांचा आणि मुस्लिम समाजातल्या स्त्रियांचा विचार इथे जेवढा व्हायला हवा तेवढा झालेला नाही. ते काम पुढच्या अभ्यासकांनी उचलावे.

या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलींसाठी हे पुस्तक आहे, असे मी मानते. त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरी मुकादमाची वही आहे, आईने सही केलेले हक्कसोडपत्र आहे. हे आपल्या घरातले रडगाणे आहे, असे त्यांना वाटत आले. तो अभ्यासाचा विषय आहे आणि तो अभ्यासण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे. त्यांनी प्रश्न विचारायला घ्यावेत, इथल्या निष्कर्षांशी भांडावे, आणि पुढचे पुस्तक त्यांनी लिहावे.